येतं आणि येते

चामराजपेटेतल्या एका लोखंडी फाटकावर पत्र्याची पाटी आहे. पांढऱ्यावर काळी अक्षरं : अधीक्षकांस भेटू इच्छिणाऱ्यांनी दोन दिवस आधी लेखी अर्ज द्यावा.

*

दोन इंच लांब, दोन इंच रुंद असा लोखंडाचा तुकडा. कानशीने घासलेला. गुण्या लावून उजेडासमोर धरला की एका कडेखालून उजेड झिरपतो.

*

घरातून निघताना बाईमाणसाने 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं. कानडी शेजारणीही तेच म्हणतात : होगी बर्तीनि. जाऊन येते.

*

ट्रंकेच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेली, कापड बेतायची मोठी कात्री. तिला दर महिन्याला तेलाचं बोट लागतं. कापड लागून सात वर्षं झाली.

*

एका अर्जावरचा शेरा : सदर शिक्षिकेस सोडता येत नाही.

*

२४. गेलेल्या माणसाला परत बोलावता येते.

*

या सहाही गोष्टी एकाच माणसाच्या. त्याचं नाव जयतीर्थ. चामराजपेटेतल्या औद्योगिक शाळेचा तो अधीक्षक. वय सेहेचाळीस, डोक्यावर काळी टोपी, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक तांबडं. त्याच्या घराण्याला बंगळूरला येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या की घरातल्या मराठीत निम्मं कानडी मुरलं होतं. 'स्वल्प थांब' आणि 'बरं'ऐवजी 'सरी' हे शब्द परके आहेत हे त्याला लग्नानंतर कळलं, आणि ते त्याला नीरजाने सांगितलं.

नीरजा त्याची बायको. ती सात वर्षांपूर्वी गेली होती. ती परत यावी, एवढं एकच त्याला हवं होतं, आणि तेवढं एक सोडून बाकी सगळं त्याने सात वर्षांत लेखी मागितलं होतं : नवी लेथ, छपरासाठी पत्रे, दोन शिपाई, पिण्याच्या पाण्याचा नळ.

*

एकोणीसशे त्रेसष्टच्या जूनमध्ये सरकारी पत्र आलं. औद्योगिक शाळांच्या अधीक्षकांना सहा आठवडे प्रशिक्षण. होसूर रस्त्यालगत एक लांबलचक शेड होती, तिथे रोज सकाळी साडेआठला हजर व्हायचं. जयतीर्थ नवी वही, आखणीची पट्टी आणि धुतलेली टोपी घेऊन गेला. त्याला वाटलं व्याख्यानं असतील.

व्याख्यान एकही झालं नाही. फत्तेसिंगराव नावाचे गृहस्थ शिकवायला होते. बडोद्याचे, आधी लष्कराच्या कारखान्यात असलेले, उजव्या हाताच्या करंगळीचं पेर नसलेले. त्यांनी चौदा अधीक्षकांना एकेक छापील तक्ता दिला. चोवीस ओळी, दोन रकाने. वरती इंग्रजीत लिहिलं होतं, जमतं, जमत नाही, अशा अर्थाचं. वेळापत्रक आखणं. हत्यारांची खोली लावणं. उमेदवाराने घासलेला तुकडा हातात घेऊन त्याची चूक ओळखणं. दोन शिक्षकांचं भांडण मिटवणं. काम सोडून गेलेल्या माणसाला परत बोलावणं. प्रत्येक गोष्ट करून दाखवायची. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी खूण, मग ते पहिल्या दिवशी जमो की शेवटच्या.

कुणीतरी म्हणालं, हे सगळं आम्हाला माहीत आहे.

"माहीत आहे हे मी विचारलंच नाही," फत्तेसिंगराव म्हणाले. "येतं का, ते सांगा."

येतं का. जयतीर्थने वहीच्या पहिल्या पानावर तारीख घातली आणि खाली हे दोन शब्द लिहिले. मग सवयीने खोडून नीट लिहिले : येते का.

*

इथे थोडं व्याकरण सांगितलं पाहिजे, कारण या नवरा-बायकोचं पहिलं भांडण व्याकरणावरून झालं होतं.

जयतीर्थची मराठी दोन प्रकारची. बोलायची घरातली, कानडीत बुडवून काढलेली. लिहायची पुस्तकातली, इस्त्री केलेली. बोलताना 'मला येतं', लिहिताना 'मला येते', यात त्याने कधी चूक केली नाही. नीरजा धारवाडची. तिच्या माहेरी अंगणात कानडी आणि माजघरात मराठी, दोन्ही सारख्याच ऐटीत. ती जशी बोलायची तशीच लिहायची. ती त्याच्याच शाळेत शिवण शिकवायची. वर्गाच्या फळ्यावर तिने लिहिलं होतं, 'ज्याला काज करता येतं त्यालाच बटण लावता येतं.' तेव्हा हेडक्लार्क असलेल्या जयतीर्थने फळ्यापाशी जाऊन दोन्ही अनुस्वार पुसले आणि मात्रा दिल्या. वर्गातल्या बायका पदराआड हसल्या.

"तुमची मराठी ट्रंकेतली आहे," घरी आल्यावर नीरजा म्हणाली. "घडीसुद्धा मोडलेली नाही. अंगाला लागली तर टोचेल."

तो यावर बराच वेळ हसला होता. अठ्ठेचाळीस साल. तेव्हा त्याला हसता यायचं.

*

शेडमध्ये दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना लोखंड घासायला उभं केलं. चौदा टोप्या खुंटीवर, चौदा कोट खिळ्यांना. वाइसमध्ये तुकडा धरायचा, कानस दोन्ही हातांनी पेलायची, पुढे जाताना दाब, मागे येताना सैल. अर्ध्या तासात सगळ्यांचे तळहात लाल झाले. बेळगावचे अधीक्षक उमाकांत यांनी कानस वर उचलून सगळ्यांना दाखवली. इंग्रजीत हिलाही फाइल म्हणतात म्हणे, ते म्हणाले, पण ही पुढच्या टेबलावर ढकलता येत नाही. शेड हसली. फत्तेसिंगरावही हसले, आणि त्यांनी उमाकांतांचा तुकडा उजेडासमोर धरून तो गोल झाला असल्याचं सांगितलं.

जयतीर्थच्या तुकड्याखालून पाचव्या दिवशीही उजेड झिरपत होता. पण त्याचं खरं घोडं पेंड खात होतं ते सतराव्या ओळीपाशी. समोरच्या माणसाचं बोलणं न तोडता शेवटपर्यंत ऐकणं. त्यासाठी एक सुतारशिक्षक समोर बसवला गेला. त्याने गाऱ्हाणं सांगायचं, अधीक्षकाने ऐकायचं. सुतार म्हणाला, साहेब, गेल्या महिन्यापासून रंधे बोथट झालेत. जयतीर्थ म्हणाला, अर्ज द्या.

तीनदा बसवलं. तिन्ही वेळा दुसऱ्या वाक्याला त्याच्या तोंडून अर्ज निघाला. तिसऱ्यांदा सुताराने आधीच खिशातून कागद काढून ठेवला होता, तेव्हा शेडमध्ये जो हशा पिकला तो होसूर रस्त्यावर ऐकू गेला असेल.

सरावासाठी त्याने शाळेच्या पहारेकऱ्याला, परसूला, खोलीत बोलावून स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, काहीतरी सांग. परसू घाबरला.

"काय सांगू, अण्णा?"

"काहीही. मी मध्ये बोलणार नाही."

परसूने थोडा विचार केला. मग त्याने आपल्या म्हशीबद्दल सांगितलं, तिच्या आधीच्या म्हशीबद्दल सांगितलं, आणि शेवटी म्हणाला की फाटकावर उभं राहून लोकांना परत पाठवायचं काम त्याला आवडत नाही. माणसं लांबून येतात. तेवढ्यात जयतीर्थने विचारलं की मग पाटीवर लिहिलेलं त्यांना वाचता येत नाही का. परसू उठून उभा राहिला. वाचता येतं, तो म्हणाला, म्हणूनच परत जातात.

*

नीरजा कशी गेली, ते असं. छप्पन्न साली मद्रासला शिवणशिक्षिकांसाठी वर्षभराचा अभ्यासक्रम निघाला. नीरजाने अर्ज केला. जयतीर्थ नुकताच अधीक्षक झालेला. तिचा अर्ज इतर अर्जांबरोबर त्याच्या टेबलावर आला. त्याने तो दोनदा वाचला. एक वर्ष. स्वयंपाकघरात कुणी नाही, रस्त्याने बरोबर कुणी नाही, 'टोचेल' म्हणायला कुणी नाही. ही गोष्ट घरी ताटावर बसून सांगण्यासारखी होती. तिने ती ऐकली असती, आणि बहुतेक गेलीही असती, आणि वर्षाने परत आली असती. पण टेबलावर तांबडं पेन होतं. त्याने लिहिलं : सदर शिक्षिकेस सोडता येत नाही.

त्या पाच शब्दांत त्याचं सगळं मन होतं. वाचणारीला फक्त शेरा दिसला.

तिने राजीनामा दिला, तोही रीतसर, त्याच्याच टेबलावर. ट्रंक भरली. कात्री शाळेच्या नव्हे, तिच्या मालकीची होती, तरी ती ठेवून गेली. दारात उभी राहिली. तो वाट पाहत होता, 'येते' म्हणेल. ती 'जाते' म्हणाली असती तर त्याला रागावता तरी आलं असतं.

"निघते," ती म्हणाली.

या शब्दाचं काय करायचं ते त्याला सात वर्षांत कळलं नाही. निघालेलं माणूस कुठेही जातं. निघालेलं माणूस येतंही.

मद्रासचा अभ्यासक्रम तिने पूर्ण केला. मग धारवाडला मुलींच्या शिवणशाळेत लागली आणि पुढे तिथली मुख्य झाली. वर्षाला दोन पत्रं येत. संक्रांतीला कागदाच्या घडीत चार तीळ, दसऱ्याला बन्नीचं, म्हणजे शमीचं, एक पान. तोही तेच पाठवी. तिळांत ओळी नसत. पानांतही नसत.

*

चौथ्या आठवड्यात फत्तेसिंगरावांनी नवी अट सांगितली. तोच तक्ता आता दुसऱ्या कुणाकडून तरी भरून आणायचा. तो माणूस ज्याच्या-त्याच्या हाताखाली काम केलेला हवा, आणि आज हाताखाली नसलेला हवा. भीती असली की कुणीही 'जमतं' लिहितं, ते म्हणाले.

उमाकांत एका निवृत्त शिपायाला कॉफी पाजून तक्ता भरून घेणार होते. बाकीचेही तसंच काहीसं. जयतीर्थने रविवारी सकाळी टेबलाशी बसून चोवीस ओळींचं मराठी केलं. नीरजाला इंग्रजी उत्तम येत होतं, पण भाषांतर करायचं म्हणजे तिच्यासाठी दोन-तीन तास बसायला मिळणार होतं. रकान्यांवर लिहिलं, येते, येत नाही. खाली सूचना : खुणा करू नयेत, पुसतात; प्रत्येक ओळीपुढे शब्द लिहावा. बरोबर पत्र : सोबतचा तक्ता भरून उलट टपाली पाठवावा, ही विनंती. सही, आणि सहीखाली हात थांबायच्या आत 'अधीक्षक'.

पाकीट टाकून आल्यावर तो पेटीकडे पुन्हा चालत गेला. टपालपेटीला अर्ज देता येत नाही. तो परत आला.

*

अकराव्या दिवशी पाकीट आलं. त्याने ते ऑफिसात फोडलं नाही, टोपीखाली ठेवलं आणि दुपारच्या सुटीत घरी नेऊन कात्रीने उघडलं. सात वर्षांत कात्रीने कापलेली ती पहिली वस्तू.

पत्र नव्हतं. फक्त तक्ता. तिचं अक्षर उजवीकडे झुकलेलं, घाईतल्या टाक्यांसारखं.

३. वेळापत्रक आखता येते. : येतं. फार येतं.
७. हत्यारांची जपणूक करता येते. : येतं.
१२. शाळेत कुणालाही अर्जाशिवाय अधीक्षकांना भेटता येते. : येत नाही.
१७. समोरच्याचे बोलणे न तोडता शेवटपर्यंत ऐकता येते. : येत नाही.
१९. स्वतःची चूक हाताखालच्या माणसापुढे कबूल करता येते. : माहीत नाही. केली तर कळेल.
२४. गेलेल्या माणसाला परत बोलावता येते. : येते.

बाराव्या ओळीपाशी तो अडखळला. अर्जाची अट त्याने अठ्ठावन्न साली घातली होती, ती गेल्यावर दोन वर्षांनी. हिला कसं माहीत? कुणीतरी सांगितलं असेल. चोविसाव्या ओळीपाशी त्याला बरं वाटलं आणि लगेच लाज वाटली. त्याने कधी कुणाला परत बोलावलं होतं? तिने मन राखलं, त्याने ठरवलं.

मग तो जे करतो ते त्याने केलं. स्वच्छ नक्कल काढली. आणि काढता काढता प्रत्येक 'येतं' नीट करून 'येते' केला, फळ्यावर केला होता तसा. नक्कल सुबक झाली. चोवीस ओळी एका वळणाच्या.

*

फत्तेसिंगरावांनी नक्कल बाजूला ठेवली.

"मूळ कागद?"

जयतीर्थ म्हणाला की मजकूर तोच आहे, फक्त शुद्धलेखन सुधारलं आहे. फत्तेसिंगरावांनी पेर नसलेली करंगळी हलवली. मूळ कागद त्याच्या खिशातच होता. त्याने दिला, आणि ते मोठ्याने वाचू लागले, कारखान्यात हजेरी घेतात तशा आवाजात, नुसती उत्तरं. येतं. येतं. येतं, फार येतं. येतं. येत नाही. जयतीर्थ उभ्याउभ्या ऐकत होता. सात वर्षांनी तिचं बोलणं त्याच्या कानावर पडत होतं, एका दणकट बडोदेकराच्या आवाजात, आणि मध्ये बोलायला त्याला काही सुचलंच नाही. तेवीस ओळी तो गप्प राहिला.

"येते," फत्तेसिंगराव म्हणाले आणि थांबले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "हे एकच असं का?"

डोळ्याने जे सात मिनिटांत सुधारून टाकलं होतं ते कानाला लागलं. ती बोलते तशी लिहिते. बोलताना कुणी 'बोलावता येते' म्हणत नाही. बोलताना 'येते'चा अर्थ एकच, आणि तो दारात उभं राहून सांगायचा असतो.

"कोण या बाई?"

"आमच्या शाळेतल्या पूर्वीच्या शिवणशिक्षिका," जयतीर्थ म्हणाला. मग म्हणाला, "माझी बायको. तिला मी सोडलं नाही, म्हणून ती गेली. शेरा माझा होता. चुकलं माझं."

फत्तेसिंगरावांनी पेन्सिल काढून एकोणिसाव्या ओळीपुढे खूण केली, जराशा विचाराने सतराव्या ओळीपुढेही केली. चोविसावी ओळ कोरी ठेवून कागद परत दिला.

"ही खूण मला करता येत नाही," ते म्हणाले. "हिचं उत्तर तुम्ही पाठवा."

*

उत्तराचे मसुदे, क्रमाने :

आपले उत्तर पोचले. येण्यास या कार्यालयाची हरकत नाही.

आपण यावे, ही विनंती.

तुझ्या सोयीने यावे.

यावं.

ये.

शेवटचा पाठवला. सही केली, आणि सहीखालची जागा पहिल्यांदाच मोकळी राहिली. पाकिटात आणखी काय घालावं ते सुचेना. संक्रांत लांब, दसरा लांब. शेवटी त्याने शेडमधला लोखंडाचा तुकडा घातला, पाकीट जड झालं, जास्तीची तिकिटं लागली. गुण्या लावला तर अजून किंचित उजेड दिसत होता. दिसू दे, त्याला वाटलं. ती ओळखेल कुठे दाब कमी पडला ते.

*

दुसऱ्या दिवशी तो स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फाटकावर चढला. चार स्क्रू, त्यांतला एक गंजलेला. परसू खाली शिडी धरून उभा. पाटी निघाली तेव्हा तिच्यामागे फाटकाचा जुना हिरवा रंग निघाला, पाच वर्षांपूर्वीचा, उन्हात न आलेला.

"आता कुणी आलं तर काय म्हणू, अण्णा?"

"ये म्हण."

"कुणालाही?"

"कुणालाही. नाव विचारू नको."

परसूने पाटी काखेत धरली आणि विचारलं की हिचं काय करायचं. म्हशीच्या गोठ्याला झडप कर, जयतीर्थ म्हणाला. सरी, परसू म्हणाला, आणि ती घेऊन गेला.

पुण्याची मेल धारवाडवरून सकाळी येते. तेव्हापासून जयतीर्थ शाळेत जायच्या आधी सिटी स्टेशनवर जाऊ लागला. पत्र पोचायला किती दिवस, रजा मिळायला किती, हा हिशेब त्याच्याइतका कुणाला येणार? अजून चार दिवस तरी शक्य नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी तो जाई, फलाटाच्या मधोमध उभा राही, म्हणजे डबा पुढचा असो की मागचा, अंतर सारखं. ट्रंका उतरत, हमाल धावत, कानडी-मराठी हाका एकमेकींत मिसळत. नीरजासारखी, तिच्या अक्षरासारखी उजवीकडे झुकलेली चाल असलेली बाई दिसली की त्याचा हात टोपीकडे जाई. गाडी रिकामी होई. चौथ्या दिवशीही रिकामी झाली. पाचव्या दिवशी त्याने कात्री बरोबर नेली, फडक्यासकट, कोटाच्या आतल्या खिशात, आणि ती छातीला लागत राहिली.

उभ्याउभ्या तो सराव करी. ती आली तर काय बोलायचं, याचा नाही. बाराव्या ओळीचं तिला कसं कळलं, एवढं एक विचारायचं त्याने ठरवलं होतं. ती सांगू लागली की मध्ये बोलायचं नाही. कितीही लांब असलं तरी नाही. दूर सिग्नल पडला, फलाटावरची माणसं कडेला सरकली, आणि त्याने टोपी सरळ केली.

एकोणीसशे एकोणसाठच्या श्रावणात, एका गुरुवारी सकाळी, नीरजा धारवाडहून येऊन शाळेच्या फाटकाशी उभी राहिली होती, आणि पाटी वाचून परत गेली होती.